चाळीस दिवसांनी आलेलं लेकरू

बायडाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटाच्याही वर एका मेंढीच्या अंगात होता. डाव्या हातानं त्यांनी मला थांबायची खूण केली आणि पुन्हा मान खाली घातली. मेंढी आडवी पडली होती. तिचं डोकं बायडाबाईंच्या नवऱ्यानं, तात्याबांनी, दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवलं होतं. शेजारी एक कोकरू थरथरत उभं होतं आणि त्याच्या अंगावर दुसऱ्याच कोकराचं कातडं होतं. लहान मुलाला अंगरखा घालावा तसं, चारी पाय बाहेर काढून नीट चढवलेलं.

उमापूरच्या शिवारातलं तुरीचं रान होतं ते. तूर काढून झाली होती आणि शेतमालकानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. बायडाबाई आणि तात्याबा मूळ पाटोद्याकडचे, डोंगरातल्या एका धनगरवस्तीवरचे. दिवाळी झाली की ऐंशी-नव्वद मेंढरं घेऊन ते खाली गोदाकाठी उतरायचे, चार-पाच महिने या रानातून त्या रानात फिरायचे आणि उन्हाळ्यात परत डोंगरावर जायचे.

मी पशुवैद्यकाची पदवी घेऊन पुढचं शिकत होते. मेंढी आपलं कोकरू कसं ओळखते, हा माझा संशोधनाचा विषय. आमचे सर म्हणाले होते, "रोहिणी, पुस्तकं पुष्कळ झाली. आता धनगराच्या पालावर जाऊन बस." गेवराईच्या दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं बायडाबाईंचं नाव सांगितलं. म्हणाला, आईवेगळं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावून द्यावं तर त्या बाईनंच.

बायडाबाईंनी हात बाहेर काढला. तो ओलाच कोकराच्या तोंडावर, पाठीवर, शेपटीखाली फिरवला. तात्याबांनी मेंढीला सोडलं. ती उठली, कोकराला हुंगलं, दोन पावलं मागं सरली, परत हुंगलं. मग तिच्या गळ्यातून एक खोल, घुमल्यासारखा आवाज निघाला आणि कोकरू तिच्या कासेखाली शिरलं.

"लागलं," तात्याबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावलं, "मॅडम, हिचं कोकरू आज सकाळी मेलं. आन् ह्याची माय मेली परवा. त्याचं कातडं ह्याला घातलं."

"कातडं कळलं," मी म्हटलं. "पण हात कशाला घातला?"

बायडाबाई चुलीजवळच्या राखेनं हात चोळत होत्या. "तिला वाटाय पायजे का आपुन दुबार व्यालो. नुसत्या कातड्यानं काई मेंढ्या फसत न्हाईत."

"हे कुणी शिकवलं?"

"सासूनं. छबुबाईनं. तिला तिच्या सासूनं."

मी उभी होते तिथंच मातीत बसले. परदेशातल्या संशोधकांनी हाच प्रयोग चाळीसएक वर्षांपूर्वी केला होता आणि त्यावरचे निबंध मी रात्रंदिवस वाचून काढले होते. या बाईच्या सासूच्या सासूला तो येत होता.

त्या हिवाळ्यात मी आठवड्यातले तीन दिवस पालावर असायचे. मेंढी व्यायला लागली की स्टॉपवॉच लावायचं, पहिल्यांदा चाटलं कधी, पहिल्यांदा पाजलं कधी, ते लिहून घ्यायचं. बायडाबाईंना त्याची गंमत वाटायची. "कोकराला घड्याळ बांधलंय ह्या बाईनं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पण त्या हसल्या तरी हसू ओठांपर्यंतच यायचं. पंचावन्नच्या आसपास वय, उंच, काटक अंग. कुठल्या मेंढीची आजी कोणती होती हे सांगू शकणारी बाई स्वतःबद्दल मात्र शब्द काढायची नाही. मुलगी अंजना सिरसाळ्याला दिलेली आहे, मुलगा हरिओम चाकणला कारखान्यात असतो, एवढं मला कळलं तेही तात्याबांकडून.

एकदा दुपारी भाकरी खाताना त्यांनीच विचारलं, "तुमच्या बुकात काय लिवलंय, मॅडम? ती कोकराला कावून घेती आन् कावून न्हाई?"

मी जमेल तसं सांगितलं. म्हटलं, "मावशी, कोकरू बाहेर यायला लागलं की आतली वाट ताणली जाते. त्या ताणाचा निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो. मेंदूत एक द्रव्य सुटतं, ऑक्सिटोसिन म्हणतात त्याला. पान्हा त्यानंच फुटतो. पण मेंदूच्या आतही ते काम करतं. मेंदूत पुढच्या बाजूला वास ओळखायची जागा असते, ती त्या वेळी ओल्या मातीसारखी होते. त्या एक-दोन तासांत जे कोकरू नाकापुढं येईल त्याचा वास तिथं उमटतो. मग ती माती वाळते. त्यानंतर ज्याचा वास उमटलाय तेवढंच तिचं, बाकी सगळी परकी."

"आन् त्या तासा-दोन तासांत कोकरू म्होरं आलंच न्हाई तर?"

"तर नंतर आणून दिलं तरी ती घेत नाही. ढुशी मारते. त्याच्या अंगात तिचंच रक्त असलं तरी."

बायडाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. "म्हंजे मेंढीचा गुन्हा न्हाई त्यात," त्या म्हणाल्या.

"नाही. गुन्हा कसला?"

त्यांनी तो तुकडा परत फडक्यात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात माझ्या कामाचा जो भाग मला नको वाटत होता तो आला. चार मेंढ्यांची कोकरं जन्मल्याबरोबर, आईनं हुंगायच्या आत, बाजूला न्यायची आणि आठ तासांनी परत द्यायची, असं ठरलं होतं. कोकरांना बाटलीनं चीक पाजायची सोय होती, ती मरणार नव्हती. तात्याबांनी परवानगी दिली होती. बायडाबाई म्हणाल्या, "करा, तुमचं शिक्षण हाय." पण त्या दिवशी सकाळपासून त्या पालाच्या पलीकडं लोकर विंचरत बसून राहिल्या.

पहिली मेंढी होती कपाळावर पांढरा ठिपका असलेली. पहाटे व्याली. मी कोकरू टॉवेलात गुंडाळून पलीकडच्या बांधावर नेलं. मेंढी तासभर ओरडत जमीन हुंगत फिरली, जिथं पाणी सांडलं होतं ती माती चाटत राहिली. मग गप झाली आणि चरायला लागली. दुपारी कोकरू आणून तिच्यापुढं सोडलं. ते बिचारं शेपूट हलवत थेट कासेकडं धावलं. मेंढीनं वळून त्याला हुंगलं आणि डोकं खाली घालून असं उडवलं की ते चार हात लांब जाऊन पडलं. उठलं, परत गेलं. तिनं परत उडवलं. तिसऱ्यांदा त्याचा पुढचा पाय दुमडला. तरी ते लंगडत तिच्याचकडं निघालं.

माझ्या हातात वही होती. मी वेळ लिहीत होते. मान वर केली तर बायडाबाई माझ्या मागं उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. त्यांनी पुढं होऊन कोकरू उचललं, पाय चाचपला, माझ्या हातात दिलं आणि ओढ्याकडं चालायला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्या पालावर आल्या नाहीत.

उरलेल्या तीन मेंढ्यांवर मी तो प्रयोग केला नाही. सरांना सांगितलं, कोकरं दगावायची भीती आहे. ते खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई त्या लंगड्या कोकराला पायाशी घेऊन बसल्या होत्या. मी जवळ गेले तर स्वतःच बोलायला लागल्या.

"हरिओम सातव्या महिन्यात झाला. शेळीच्या करडाएवढा होता. हितल्या दवाखान्यात म्हणले, जगायचा न्हाई, मोठ्या शहरात न्या. मह्या अंगावरून लई रगत जात होतं, मला उठता येत नव्हतं. सासूनं फडक्यात गुंडाळला आन् जीपमधी घालून नेला. म्या बघितलासुद्दा न्हाई. कुणी म्हणलंच न्हाई का हिला दावा म्हणून. काचंच्या पेटीत ठेवला त्याला. सासू तिथंच ऱ्हायली, दवाखान्याच्या वट्यावर. चाळीस दिवसांनी घेऊन आली. तवर महं दूद आटलं होतं. मह्या मांडीवर ठेवला आन् म्हणली, घे तुपलं लेकरू."

त्यांनी कोकराचा लंगडा पाय मांडीवर ओढून घेतला.

"मग?"

"मंग काई न्हाई. म्या बघितलं त्याच्याकडं. कुणाचं तरी लेकरू आणून दिलंय, आसं वाटलं. वाटलं, व्हईल चार दिवसांत. न्हाई झालं. न्हाऊ घालायची, बाटली द्यायची, आजारी पडला का जागायची. समदं केलं. पर आतून काई हाललं न्हाई बगा. अडीच वर्सानं अंजना झाली. तिला पोटावर ठेवली आन् मह्या अंगावर सरसरून काटा आला, पान्हा फुटला. तवा कळलं का हे आसं आसतं. आन् तवाच कळलं का हरिओमसाठी ते मह्याकडं न्हाई."

हरिओम आजीपाशीच वाढला. तो छबुबाईंना आय म्हणायचा आणि आईला बाई. आजीला तू म्हणायचा आणि आईला तुमी. घरात कुणी त्याला तसं शिकवलं नव्हतं. सतरा वर्षांचा झाल्यावर तो चाकणला गेला आणि तिथंच राहिला. लग्नही तिकडंच झालं. आजीला भेटायला वर्षातून एकदा डोंगरावरच्या घरी येतो.

"तुमी त्या दिवशी सांगितलं ना, माती वाळती म्हणून," बायडाबाई म्हणाल्या. "माहंबी तसंच झालं आसंल का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. माणसाचं मेंढीसारखं नसतं. माणसाचा जीव नुसत्या वासावर आणि पहिल्या दोन तासांवर टांगलेला नसतो. काचेच्या पेटीत महिना काढलेल्या हजारो मुलांच्या आया त्यांच्यावर जीव टाकतात. दत्तक घेतलेल्यांचं तर काय सांगावं. बाळंतपणाच्या त्या आजारपणात त्यांच्या मनाला काहीतरी झालं असेल, आणि ते वेळीच कुणी ओळखलं असतं तर उपाय होता, हेही मला माहीत होतं. पण समोर ही बाई बसली होती. तीस वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत आलेली.

"असेल, मावशी," मी म्हटलं. "तसंच झालं असेल."

त्यांनी डोळे मिटले. खांदे हळूच खाली आले. मग म्हणाल्या, "हे त्याला सांगाल का? तुमी शिकलेल्या हायत. म्या सांगितलं तर त्याला वाटंल, म्हातारी आता सोंगं करती."

दोन दिवसांनी सकाळी मी गेवराईच्या माझ्या खोलीवरून हरिओमला फोन लावला. तो कारखान्यात माल उचलायची गाडी चालवायचा आणि कामावर निघायच्या तयारीत होता. मी कोण ते त्याला ठाऊक होतं, आजीनं सांगितलं होतं म्हणे, बाईकडं मेंढराची डॉक्टरीण येती. मी त्याला सगळं सांगितलं. मेंढीचं, मेंदूचं, त्या दोन तासांचं, काचेच्या पेटीचं. म्हटलं, यात तुमच्या आईचा दोष नव्हता.

माझं संपल्यावर म्हणाला, "म्हंजे बाईच्या मेंदूत ते झालंच न्हाई, आसं म्हणता तुमी."

"अगदी तसंच नाही, पण..."

"एक सांगू का, मॅडम. ल्हानपणापासून मला वाटायचं, बाईला दावता येत न्हाई. काई माणसं नसत्यात का, मनात लई आसतं पर तोंडावर येत न्हाई? आमचे तात्या तसेच हायत. म्हणलं, बाईबी तशीच आसंल. आतमधी आसंल. तेवढ्यावर चाललं होतं माहं. आज तुमी सांगितलं का आतमधीबी नव्हतं. पुराव्यासहित सांगितलं."

त्याच्या मागं कुणीतरी हाक मारत होतं.

"ठेवतो. कंपनीची गाडी आली," तो म्हणाला.

पालावर गेले तेव्हा बायडाबाईंनी मला बसूही दिलं नाही. "काय म्हणला?"

"ऐकून घेतलं सगळं."

"रागावला?"

"नाही."

"काईच न्हाई म्हणला?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी खाली पडलेली वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, उचलली आणि तिच्या गाठी तपासायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रागावला आसता तर बरं झालं आसतं."

तो काय म्हणाला होता ते मी त्यांना सांगितलं नाही. मला धीर झाला नाही.

उन्हाळा लागला, तशी मेंढरं डोंगराकडं परतली. माझं काम आटपत आलं होतं. मे महिन्यात तात्याबांचा फोन आला की छबुबाई गेल्या. ऐंशीच्या वर वय होतं, दोन दिवस अन्न घेतलं नाही आणि झोपेतच गेल्या. मी दहाव्याला गेले. पाटोद्याहून जीपनं अर्धा तास आणि पुढं चढ चालत. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढं लिंबाचं झाड, खाली भावकीची माणसं बसलेली.

हरिओमला मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. बायडाबाईंचंच नाक, त्यांचीच उंची, तसंच मान थोडी तिरपी धरून बघणं. डोक्यावरचे केस काढले होते. तो ओसरीत आजीच्या रिकाम्या खाटेला टेकून बसला होता. तिचं एक जुनं लुगडं त्यानं तोंडाला लावलं होतं आणि तो रडत होता. मोठा माणूस रडतो तसं आवाज दाबून नव्हे. हुंदके देऊन, मुलासारखा, कोण बघतंय याची पर्वा न करता. तात्याबा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. अंजना सिरसाळ्याहून आली होती, तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

बायडाबाई आत चुलीपुढं होत्या. दारातून त्यांना ओसरी नीट दिसत होती. त्या पोराकडं बघत होत्या आणि तव्यावरची भाकरी करपत होती. मी आत जाऊन ती उलटली.

"आसं रडतोय," त्या हळूच म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या ते कळलं नाही.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. हरिओमला त्याच दिवशी निघायचं होतं, सुट्टी संपली होती. मलाही खाली यायचं होतं. म्हणून आम्ही दोघं पाटोद्याच्या जीपसाठी फाट्यावर येऊन थांबलो. बायडाबाई पोचवायला आल्या. दुपारचे तीन वाजले असतील, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी जरा बाजूला जाऊन दगडावर बसले, पण सगळं ऐकू येत होतं.

हरिओमच आधी बोलला. "बाई, ह्या मॅडमनी फोन केलता."

"म्याच सांगितलं होतं."

"खरं हाय का ते?"

बायडाबाईंनी पदर सारखा केला. "व्हय."

"मला आणलं तवा तुमाला काय वाटलं?"

"काईच वाटलं न्हाई. त्याचंच भ्या वाटलं."

हरिओम रस्त्याकडं बघत राहिला. "मंग येवढं केलं कशाला? शाळंत डबा आणून द्यायच्या तुमी, तीन कोस चालत. मला गोवर झालता तवा..."

"लेकरू होतास. कराय नको?"

"ते कुणाचंबी केलं आसतं."

"व्हय. कुणाचंबी केलं आसतं," बायडाबाई म्हणाल्या. खोटं बोलायला त्यांना कधी जमलं नाही, त्या दिवशीही जमलं नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "तू दुपारचा निजलास का म्या वास घ्यायची तुझ्या टाळूचा. मेंढी घेती तसा. तुझी आय पाण्याला गेली का. रोज घ्यायची. म्हणायची, आज येईल मला, उंद्या येईल. अंजना झाल्यावरबी घ्यायची. सात वर्सं घेतला. मंग तूच जवळ येऊ दिलं न्हाईस."

हरिओमनं तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड फिरवलं. तो काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण वळणावर जीपचा हॉर्न वाजला. त्यानं पिशवी उचलली, खाली वाकून आईच्या पायांना हात लावला. बायडाबाईंनी त्याच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी काढेपर्यंत तो तसाच वाकून राहिला. मग चढला.

जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "मॅडम, तुमच्या शास्त्रात हे लिवलंय का?"

"काय?"

"सात वर्सं रोज वास घेऊनबी आलं न्हाई, तर त्याला काय म्हणत्यात?"

"मला माहीत नाही, हरिओम."

"बरं," तो म्हणाला आणि पुण्याच्या बसकडं गेला.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी एकदा मुद्दाम डोंगरावर गेले. बायडाबाईंना खरं सांगायचं होतं. त्या गोठ्याच्या भिंतीला शेण-माती लिंपत होत्या. मी म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. माणसाचं मेंढीसारखं नसतं. माणसाला नंतरही लळा लागतो. तुमचं जे झालं ते एक प्रकारचं आजारपण होतं, ते कुणी ओळखलं नाही. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून..."

त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "मला ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"सासूनं कुटं जन्म दिलता त्याला? तिच्या कुठल्या पोटातून निरोप गेलता मेंदूत? तरी लागलाच की जीव तिला. चाळीस दिवस वट्यावर बसून लागला. म्या काय येडी हाय का येवढं कळाया?" त्या भिंतीवरून हात फिरवत राहिल्या. "पर तुमी म्हणल्या तवा चार दिवस बरं वाटलं. लई बरं वाटलं बगा. झोप लागली."

"मी त्याला फोन करायला नको होता."

"म्याच सांगितलं कराय," त्या म्हणाल्या. "त्याला तेवढंबी ठिवलं न्हाई म्या." म्हणजे हरिओमनं मला फोनवर जे सांगितलं होतं ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. कसं, ते मी विचारलं नाही.

माझा प्रबंध पुढच्या वर्षी मान्य झाला. त्यात उमापूरच्या रानातल्या एकतीस मेंढ्यांचे तक्ते आहेत, आणि हात घालून कोकरू लावून द्यायच्या रीतीबद्दल एक पूर्ण प्रकरण आहे. आभाराच्या पानावर बायडाबाईंचं नाव आहे. ते पान मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की त्यात हरिओमचं काही लिवलं न्हाई ना. नाही, म्हटलं.

हरिओमला गेल्या वर्षी मुलगी झाली. वर्षाराणी नाव ठेवलं. बाळंतपण त्याच्या सासूनं केलं, इकडं कुणाला बोलावणं आलं नाही. मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर तात्याबा आणि बायडाबाई चाकणला जाऊन दोन दिवस राहून आले. नात कशी आहे, असं मी विचारलं तर बायडाबाई म्हणाल्या, "गोरीपान हाय. मह्याकडं आली का रडती. आजून वळख न्हाई तिला." पुढच्या वेळी कधी जाणार, ते त्यांनी सांगितलं नाही.

हरिओम आता पहिल्यापेक्षा जास्त फोन करतो, दर रविवारी, तात्याबांच्या मोबाईलवर. मेंढरं किती झाली, पाऊस झाला का, तुमच्या गुडघ्याचं काय, असं बोलणं होतं. बायडाबाई हातातलं काम ठेवून शेजारी येऊन बसतात आणि दोघांचं बोलणं ऐकतात. तात्याबा कधीकधी फोन त्यांच्यापुढं धरतात. त्या मान हलवून नको म्हणतात. फोन बंद झाला की विचारतात, "जेवला का म्हणला?"